कागलचं पेट्रोल

आता कोल्हापुराहून कागलला जायचं म्हणजे माणूस गाडीत नीट टेकून बसेपर्यंत कागल येतंसुद्धा. पंचावन्न साली तसं नव्हतं. निदान श्यामलासाठी तरी नव्हतं. त्या वर्षी कागल चांगलं लांब होतं, आणि ते आणखी लांब असतं तर तिला हवंच होतं.

त्या दसऱ्याला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे त्र्यंबकराव वकिलांनी, राखाडी रंगाची मॉरिस मोटार घेतली. राजारामपुरीत मोटारी नव्हत्या असं नाही, पण त्या डॉक्टरांच्या नाहीतर पेढीवाल्यांच्या. वकिलाच्या दारात मोटार म्हटल्यावर निम्मी गल्ली पूजेला हजर राहिली. श्यामलाच्या सासूबाई अक्का यांनी बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळं घर कोंबून मोटार अंबाबाईला जाऊन आली. परत आल्यावर त्र्यंबकराव खाली उतरले, घसा खाकरला आणि कोर्टात अर्ज द्यावा तशा आवाजात म्हणाले, "आता हजार मैल हिच्यात दोघांपेक्षा जास्त माणसं बसायची नाहीत."

"का रे? मोडली का?" अक्कांनी विचारलं.

"मोडली नाही. रनिंग-इन आहे. नवं इंजिन कडक असतं, आतले भाग एकमेकांत बसायला वेळ लागतो. तोवर ताशी तीस मैलांच्या आत चालवायची, चढावर रेटायची नाही, ओझं घालायचं नाही."

अक्कांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे नव्या कोल्हापुरी वहाणेसारखं. आधी तेल पाजायचं, घरातल्या घरात चार दिवस घालायची, मग बाजारात जायचं. नाहीतर चावते."

"तसंच," त्र्यंबकराव म्हणाले.

"वहाण काय नि वाहन काय," आरामखुर्चीतून अप्पा म्हणाले. सासरे तसे अबोल. दोन महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य, त्यामुळे सगळे जरा जास्तच हसले.

धाकटा दीर नृसिंह तेवढ्यात पुढं सरसावला. "मग दुसरा मी!"

"तू तालमीत जातोस. तुझ्या एकट्यात दोन माणसं आहेत," त्र्यंबकराव म्हणाले. मग श्यामलाकडं न बघता, तुळशीच्या कुंडीकडं बघत म्हणाले, "माझं लक्ष रस्त्यावर असणार. वेगाच्या काट्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे. हिला आकडे वाचता येतात."

आकडे घरात सगळ्यांनाच वाचता येत होते. त्र्यंबकरावांचे कान मात्र लालभडक झाले होते. वकील असून या माणसाला खोटं पचत नसे. कोर्टात ते टोपी कानावर ओढून वेळ मारून नेत, घरात तीही सोय नव्हती. पण नव्या मोटारीसमोर वकिलाच्या कानाकडं कोण बघतंय!

श्यामलानं पाहिलं. पण त्या कानांचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. घर तसं चांगलं होतं, खाऊनपिऊन सुखी, कुणी वाईट बोलत नसे. पण त्या घरात नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं म्हणजे भर बाजारात गुपित सांगण्यासारखं होतं. ओसरीवर पक्षकार, माजघरात अक्का, मधल्या खोलीत नृसिंहाच्या जोरबैठका, आणि भिंती अशा की अप्पांनी कूस बदलली तरी ऐकू यावं. "पाणी", "टोपी", "आज उशीर होईल", एवढ्यावर पाच वर्षं निघाली होती. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात मूल गेलं. तेव्हासुद्धा ते दारात उभे राहिले, "बरं वाटतंय का?" म्हणाले आणि कोर्टात गेले. श्यामलानं ते मनात धरून ठेवलं होतं. हा माणूस दगड आहे, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आणि आता हा दगड तिला दर रविवारी मोटारीतून कागलला न्यायला लागला.

कागलच का, तर पेट्रोल. रेशनिंग उठून बरीच वर्षं झाली होती, पण शहरात पेट्रोलात रॉकेल मिसळतात ही बोलवा काही उठली नव्हती. त्र्यंबकराव पेट्रोलचे दोन थेंब तळहातावर घेत, चोळत, हुंगत. उडून गेल्यावर हात कोरडा राहिला तर चोख, तेलकट राहिला तर भेसळ. "नव्या इंजिनाला पहिलं पेट्रोल म्हणजे बाळगुटी," ते सांगत. "त्यात भेसळ चालायची नाही." कागलला गणपतरावांचा हातपंप होता. दांडा मागंपुढं केला की वरच्या काचेच्या भांड्यात पेट्रोल चढे आणि गॅलनच्या खुणेला येऊन थांबे. मग गणपतराव ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत सोडत आणि नव्या इंजिनाला वंगण म्हणून वर दोन चमचे तेल घालत. त्यांचं पेट्रोल हातावर ठेवलं की फुंकर मारायच्या आत उडून जाई.

मोटारीच्या मागच्या काचेवर त्र्यंबकरावांनी कागद चिकटवला होता: 'नवी गाडी. पुढे जावे.' लोक जात. सायकली जात, टांगे जात. एकदा उचगावच्या फाट्यावर वैरणीची बैलगाडीसुद्धा पुढं गेली आणि गाडीवान वरून ओरडला, "ओ पावणं, मोटार आजारी हाय व्हय? का बैल जोडू?"

"जोडा की! पण बैल तिशीच्या आत पळायला पाहिजेत!" त्र्यंबकराव खिडकीतून ओरडले. श्यामला तोंडाला पदर लावून हसायला लागली. या माणसाला थट्टा करता येते हे तिला पाच वर्षांनी कळत होतं.

मग हळूहळू बाकीचंही कळत गेलं. त्यांना वकील व्हायचंच नव्हतं, इंजिनं दुरुस्त करायची होती. अप्पांपुढं बोलायची छाती झाली नाही. तिला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. उसाच्या शेतांमधून मोटार मुंगीच्या पावलानं जाई, ती अधूनमधून "अठ्ठावीस... एकोणतीस" म्हणे, आणि मधल्या वेळात दोघं पाच वर्षांचं बोलून घेत. एका रविवारी तिनं त्या मुलाचा विषय काढला. रागानंच काढला. त्र्यंबकरावांनी मोटार कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "त्या दिवशी मी कोर्टात गेलोच नव्हतो," ते म्हणाले. "रंकाळ्यावर जाऊन बसलो होतो. घरात रडायला जागा कुठं होती?" दोघं बराच वेळ तिथंच थांबली. श्यामला त्या दिवशी खूप रडली, आणि घरी आल्यावर अक्कांना म्हणाली की रस्त्यावर धूळ फार होती.

माघ उजाडला. एके दिवशी गणपतरावांनी काच पुसता पुसता आत डोकावून मैल वाचले आणि म्हणाले, "अवो वकीलसाहेब, साडेसातशे झालं की! अजून मुंगीवानी का आणताय गाडी? कंपनीचं पाचशेला सुटतंय. आता हाणा की चाळीस-पन्नासनं. आन् घरच्यास्नी बी बसवा."

"हजार," त्र्यंबकराव पुटपुटले.

"कोन म्हनलं हजार? पाचशे हाय वो!"

श्यामलानं नवऱ्याच्या कानाकडं पाहिलं. लाल. तिला एकदम सगळं समजलं. काटा, आकडे, दोनच माणसं, अगदी कागलचं पेट्रोलसुद्धा. परतीच्या वाटेवर ती नुसती 'अठ्ठावीस... एकोणतीस' म्हणत राहिली. पण तिच्या छातीत जे भरून आलं होतं ते तिला घरच्या फाटकापाशी उतरताना आवरता आवरेना. आपल्यासाठी कुणी इतकं नेटानं खोटं बोलेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ते सुख जेमतेम चार दिवस टिकलं. पौर्णिमेला अक्का नेहमीप्रमाणे नरसोबाच्या वाडीला एस.टी.नं गेल्या आणि कंबर धरून परत आल्या. मागच्या बाकावर जागा मिळाली होती, खड्ड्याखड्ड्याला उडत आल्या होत्या. श्यामला संध्याकाळी त्यांच्या कंबरेला तेल लावायला बसली.

"मोटार होऊ दे तयार," अक्का पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "मग जाईन ऐटीत. घाई काही नाही हो."

श्यामलाचे हात थबकले. मोटार बाहेर उभी होती, केव्हाच तयार झालेली, आणि या बाईची कंबर एस.टी.त मोडत होती. कशापायी? तर सुनेला नवऱ्याशी बोलायला मिळावं म्हणून. पण खरं सांगितलं तर पुढच्याच रविवारी मोटारीत सगळं घर बसणार, आणि परत 'पाणी', 'टोपी', 'आज उशीर होईल'. ते तिला नको होतं. हावरटपणा म्हणा हवं तर, पण तो महिना तिनं काढला. पुढच्या पौर्णिमेलाही अक्का एस.टी.नं जाऊन आल्या. मग मात्र तिला घास गोड लागेना.

रविवारी कागलच्या वाटेवर ती म्हणाली, "आता पुरे. येत्या पौर्णिमेला अक्कांना आणि अप्पांना वाडीला घेऊन जायचं."

त्र्यंबकराव रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाले, "मग आपलं काय?"

घरात 'आपलं' म्हणजे सगळ्यांचं असे. हे दोघांचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. श्यामलाला ऐकून त्यांचा हात धरावासा वाटला.

"आपलं आपण बघू," ती म्हणाली. "पण त्यांच्या कंबरेवर नको."

चैत्रातल्या पौर्णिमेला मोटार वाडीला निघाली. नृसिंहाची कुठंतरी कुस्ती होती, तो आला नाही. रीतीप्रमाणे पुढं बापलेक, मागं सासूसून. अप्पा वाटभर एक शब्द बोलले नाहीत. अक्का मात्र लहान मुलीसारख्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

दर्शन झालं. पुरुष मंडळी प्रसादाच्या रांगेत गेली आणि दोघी घाटाच्या पायरीवर कृष्णेत पाय सोडून बसल्या. न राहवून श्यामला म्हणाली, "अक्का, एक सांगायचंय. ते हजार मैल..."

"पाचशेच होते," अक्का म्हणाल्या.

श्यामला गर्रकन त्यांच्याकडं वळली.

"नृसिंह केव्हाच तालमीतून ऐकून आला होता. 'दादा सगळ्यांना फसवतोय' म्हणून नाचत होता. मी म्हटलं, गप्प बैस, ज्याचं इंजिन त्याला ठाऊक."

"मग तुम्ही एस.टी.नं कशाला गेलात? कंबर मोडून घेतलीत!"

"अगं, मी बसले असते तर मागं बसले असते. मागं सासू बसल्यावर पुढं तुम्ही बोलणार काय, कपाळ?" अक्कांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावरून फिरवलं. "आम्हाला असलं काही निमित्त मिळालं नाही. यांची ताटं वाढली, धोतरं वाळवली, दुखणी काढली. बोलायचं तेवढं राहून गेलं. आता वाटलं तरी सवय नाही."

मीठ संपलं म्हणून सांगावं तितक्या सरळपणे त्या म्हणाल्या. श्यामला जवळ सरकली. तिनं आपल्या पदरानं त्यांचे पाय पुसले.

परत निघताना ती सरळ जाऊन पुढच्या दारानं आत बसली. प्रसादाची पुडी हातात घेऊन अप्पा बाहेर उभेच. सून पुढं आणि सासरा मागं, हे कोल्हापुरात कुणी पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, तिथं मी..."

"अप्पा, काट्यावर लक्ष मला ठेवायचं असतं," श्यामला म्हणाली. ती जागची हलली नाही. त्र्यंबकरावांनी एकदा बायकोकडं, एकदा मागं पाहिलं आणि मुकाट्यानं वडिलांसाठी मागचं दार उघडलं. अप्पा अक्कांच्या शेजारी अंग चोरून बसले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे.

शिरोळ मागं पडेपर्यंत मागून आवाज नाही. मग अप्पांचा घसा साफ केल्याचा आवाज आला.

"वारं लागतंय का गं?"

"नाही."

"लागलं तर सांग."

"सांगेन की."

अक्कांनी अप्पांच्या हातातली प्रसादाची पुडी घेऊन सोडली. मग अक्काच म्हणाल्या, अगदी हळू, "हे पेढे आवडतात ना हो तुम्हाला? इतकी वर्षं दर पौर्णिमेला आणतेय, कधी विचारलंच नाही."

"नाही आवडत," अप्पा म्हणाले. "फार गोड असतात."

"अगंबाई! मग इतकी वर्षं खाल्लेत कशाला?"

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू आणायचीस म्हणून."

श्यामलानं मागं वळून पाहिलं नाही. डोळे भरून आले होते, तरी ते तिनं काट्यावरच ठेवले.

"हळू चालवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"तिशीतच आहे."

"आणखी हळू."