अकरा दिवसांची गैरहजेरी

मॅनेजरची कॉलर आज मान टाकून बसली होती, हे इस्त्रीवालीने कामगार कार्यालयात शिरताशिरताच पाहिलं. नऊ वर्षं त्याचे शर्ट तीच फुकटात कडक करून देत होती. त्याच्या अंगात जो काही ताठपणा दिसायचा तो सगळा तिच्या खळीचा.

चार महिन्यांपूर्वी लाँड्रीत, चादरींच्या गरम रोलरखाली तिचा उजवा अंगठा सापडला. जखम भरली, पण वर आलेली कातडी काचेसारखी गुळगुळीत. हजेरीचं मशीन तिला ओळखच देईना. "मशीनचं काय घेऊन बसलात, ताई? मी वहीत लिहितो, तुम्ही कामाला लागा," मॅनेजर म्हणाला होता. मधात बुडवून काढलेला आवाज. मग तिने भरपाईचा अर्ज केला आणि त्या दिवसापासून याची वही मिटली. ही बापडी रोज चादरी दाबत राहिली. बाराव्या दिवशी हातात पत्र: अकरा दिवस विनापरवाना गैरहजर, सबब कामावरून कमी.

"अजून वेळ आहे, जाऊबाई," शेजारी बसलेली धाकटी जाऊ कानाशी लागली. ती त्याच लाँड्रीत घड्या घालायची. "अर्ज मागे घ्या, पाया पडा. घेतील परत."

"याच्या पाया? त्यापेक्षा रोलरच्या पडेन. तो निदान समोरून चटका देतो."

कामगार अधिकारी बाईंनी चष्मा लावला. "हं, बोला."

"मशीन खोटं बोलत नाही, मॅडम." मॅनेजरने हजेरीचा कागद सरकवला. "शिवाय यांची वागणूकही बरी नव्हती." फाईल जाड दिसावी म्हणून त्याने स्वतःच्या सहीचे तीन मेमो टाचून आणले होते.

बाई वाचू लागल्या. "चौदा तारीख, कामाच्या वेळी मोठमोठ्याने हसणे. सतरा, उलट उत्तर देणे. एकोणीस, चादर डागाळणे." त्यांचं बोट हजेरीच्या कागदावर गेलं. "चौदाला या गैरहजर होत्या ना?"

"हो, मॅडम."

"मग हसल्या कुठून?"

मॅनेजरने कॉलर सरळ केली. "आवाज फार मोठा आहे त्यांचा."

धाकटीने पदर तोंडात कोंबला.

"दोन्ही कागद काही एकदम खरे असू शकत नाहीत," बाई म्हणाल्या. "कुठला मागे घेताय?"

"मालकांना विचारून उद्या सांगितलं तर—"

"आत्ता."

तो इस्त्रीवालीकडे वळला. आजवर त्याचं कुठेही अडलं की तिनेच निस्तरलं होतं, मग आज का नाही? "ताई, तुम्हीच सांगा ना काहीतरी."

"मी कशी सांगू? मी गैरहजर आहे."

मेमो मागे घ्यावेत तर खोट्याखाली सही त्याची. गैरहजेरी मागे घ्यावी तर मालकाच्या पत्रात राम उरत नाही. शेवटी स्वतःची कातडी वाचवत त्याने हजेरीचा कागद ओढून घेतला. बाईंनी तिथल्या तिथे लिहिलं: सोमवारपासून कामावर घ्यावे, भरपाईचा अर्ज चालू राहील.

जिन्यात तो धापा टाकत मागून आला. "ताई, राग नाही ना?"

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, ढीग उपसताना डागाळलेली चादर बाजूला काढावी तसं.

"राग माणसावर येतो," ती म्हणाली, आणि धाकटीचा हात धरून पायऱ्या उतरू लागली.