कुंपणापलीकडचं बालगृह

जुरोंग ईस्ट या परदेशी उपनगरातल्या एका कॉन्डो-संकुलाला लागून असलेल्या रिकाम्या इमारतीत, आईवडिलांपाशी राहू न शकणाऱ्या मुलांसाठी सरकार लहानसं बालगृह काढणार असं कळलं आणि पद्माकररावांनी तिथल्या मराठी मंडळींची बैठक बोलावली.

"मुलं गोड असतात हो, पण त्यांना मोकळी हवा हवी. ती इथे कुठे?" ते कळवळून म्हणाले. लगेच बाकीच्यांनाही मुलांचा पुळका आला. इथल्या शाळा म्हणे त्यांना झेपायच्या नाहीत. विरोधासाठी भराभर हात वर झाले.

हात खालीच ठेवून बसलेल्या कादंबरीच्या मस्तकात तिडीक गेली. दर दिवाळीला हीच माणसं नटूनथटून लांबच्या एका बालगृहात फराळ वाटायला जायची आणि एकेक पोर मांडीवर घेऊन फोटो काढायची. या ढोंग्यांच्या फोटोंसाठी चकल्या मात्र तिने तळायच्या!

"कादंबरीताई, तुमचा हात?" पद्माकररावांनी विचारलं.

"चकल्या यंदाही तळीन," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एक करा. नेहमीसारखं एका पोराला मांडीवर घ्या आणि त्याच्या तोंडावर सांगा, की बाळा, तू आम्हाला शेजारी नकोस."