इवलीचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. बाजारात बटाटे तोलणारा नव्हे, बाळं तोलणारा. माझ्या डोक्यावर पाळण्यासारखं वळलेलं पांढरं तबक आहे आणि पुढे एक पितळी दांडी आहे. दांडीवर खाचा आहेत. त्यांच्यावरून दोन वजनं सरकतात, मोठं किलोचं आणि लहान ग्रॅमचं. लहान वजनाची एक खाच म्हणजे दहा ग्रॅम. तबकात बाळ ठेवायचं, वजनं सरकवायची, आणि दांडी डोलत डोलत आडवी स्थिर झाली की आकडा वाचायचा. माझ्या पोटात पोलादाच्या दोन बारीक धारा आहेत. सगळी दांडी त्यांच्यावरच टेकून डोलते. त्या धारा लख्ख असतील तोवर मी बरोबर सांगतो.

कारखान्यातून मी थेट एका लहानशा प्रसूतिगृहात आलो. तिथल्या नर्सबाई तेव्हा तरुण होत्या. तेवीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. हिवाळ्यात त्या माझं तबक आधी आपल्या तळव्यांनी चोळून गरम करायच्या, मग दुपटं घालायच्या आणि मगच बाळ ठेवायच्या. बाळ रडायचं, हातपाय झाडायचं, माझी दांडी नाचायची. बाई म्हणायच्या, "थांब रे राजा, जरा दम धर, तुझं वजन तरी कळू दे." दर सहा महिन्यांनी तपासनीस यायचा. माझ्या धारा पुसून, तेल देऊन, बरोबर असल्याचा शिक्का मारून जायचा. बाळाला घेऊन घरी निघालेल्या आया मलाही हात लावून जायच्या. खरं सांगतो, माझ्यासारखं भाग्य फार थोड्या काट्यांना मिळतं.

पुढे मोठं रुग्णालय झालं आणि आमचं प्रसूतिगृह बंद पडलं. सामान विकायला काढलं तेव्हा बाईंनी मला मागून घेतलं. निवृत्त होऊन त्या धाकट्या बहिणीसोबत राहायला गेल्या. बहीण गणिताची शिक्षिका होती. तीही निवृत्त झालेली, पण बोलणं अजून वर्गात असल्यासारखं. "ताई, घरात बाळ नाही, बाळाचा काटा काय करायचाय?" असं ती म्हणाली आणि मला मोरीशेजारच्या अडगळीच्या खोलीत ठेवून दिलं. त्या खोलीच्या भिंतीला कायमची ओल होती. तिथे मी अकरा वर्षं राहिलो. वर चादर होती, पण ओल चादरीला विचारून येत नाही.

मग एके दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक करडी मांजर येऊन बसली. हाडं वर आलेली, पोट मात्र भरलेलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हिला दिवस गेलेत."

बहीण म्हणाली, "तू निवृत्त झालीस, हे हिला कुणी सांगितलं नाही वाटतं."

मांजर राहिली. बहीण तिला कुत्सितपणे 'पाहुणी' म्हणायची, पण पाहुणीच्या ताटलीत उकडलेल्या माशाचा मोठा तुकडा कोण टाकायचं, ते मला चादरीच्या फटीतून, अडगळीच्या उघड्या दारातून दिसत होतं. बाईंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ती मुलगी याच गावची. लहानपणी तिचंही वजन माझ्याच तबकात झालेलं. तिने पाहुणीचं पोट हलक्या बोटांनी चाचपलं. "तीन तरी आहेत. चार असतील. अजून तीनेक आठवडे लागतील. खायला थोडं थोडं पण पुष्कळदा द्या. आणि शांत, अंधारी, उबदार जागा करून ठेवा."

ती जागा म्हणजे माझीच खोली ठरली. ओलीच्या भिंतीपासून लांब, दाराजवळच्या कोपऱ्यात बाईंनी खोका ठेवला. आत जुन्या सुती साड्यांच्या घड्या घातल्या. पाहुणीने येऊन त्या सगळ्या विस्कटल्या आणि आपल्या मनासारख्या पुन्हा लावल्या. बाई हसल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. बाळंतीण तू, मी कोण सांगणारी?" कित्येक वर्षांनी मी त्यांचं ते हसू ऐकलं.

त्याच दिवशी त्यांनी माझ्यावरची चादर काढली. फडक्याने तबक पुसलं, दांडी घासून चकचकीत केली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण माझ्या पोटातल्या धारा कुणी पाहिल्या नाहीत. त्यांच्यावर गंज चढला होता. मला तो जाणवत होता, माणसाला गुडघा आखडलेला जाणवतो तसा. पण मला बोलता येत नाही.

पाहुणी एका सकाळी, उन्हं दारात आली असताना, बाळंत झाली. बाई जमिनीवर बसून होत्या, हात न लावता. फक्त अधूनमधून "हं, शाब्बास" एवढंच म्हणत होत्या. चार पिल्लं झाली. पाहुणीने एकेकाला चाटून कोरडं केलं, नाळ तोडली. सगळी दुधाला लागल्यावर बाईंनी एकेक पिल्लू माझ्या तबकात ठेवलं. एकशे दहा, शंभर, शंभर आणि शेवटचं नव्वद. बहिणीने वहीत लिहून घेतलं. ती पिल्लांना वर्गातल्यासारखं एक नंबर, दोन नंबर म्हणायची. चौथ्या पिल्लाला मात्र ती पहिल्या दिवसापासून इवली म्हणाली.

आता पुढचं सांगताना माझी दांडी जड होते.

बाई रोज सकाळी पिल्लांचं वजन करायच्या. पिल्लू रोज दहा ग्रॅम तरी वाढलं पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्या कालच्या खाचेवर लहान वजन ठेवायच्या आणि एक खाच पुढे सरकवायच्या. दांडी आडवी राहिली की म्हणायच्या, "वाढलं." तीन पिल्लं खरंच वाढत होती. पण इवली वाढत नव्हती. तिच्या वेळी दांडी आडवी राहायची ती गंजाने अडकल्यामुळे. चार-पाच खाचांचा फरकही मला कळत नव्हता. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. वहीत इवलीचे आकडे चढत होते आणि खोक्यात इवली तेवढीच होती.

तुम्ही म्हणाल, इतकी अनुभवी बाई, तिला हातात घेऊन कळलं नाही? पूर्वी नक्की कळलं असतं. पूर्वी त्या बाळ नुसतं उचलून वजन सांगायच्या आणि मी मागाहून तोच आकडा दाखवायचो. पण आता त्यांची बोटं सांध्यांत सुजली होती, टोकांना बधिर झाली होती. म्हणून तर त्या माझ्यावर विसंबल्या.

पाहुणीला कळलं होतं. ती इवलीला तोंडात धरून खोक्याबाहेर आणून ठेवायची, अगदी बाईंच्या पायाशी. बाई तिला उचलून परत आत ठेवायच्या. "अगं, असं करू नये. तुझीच ना ती?"

पाचव्या दिवशी बहीण म्हणाली, "ताई, ही मला लहानच दिसते गं. बाकीची बघ कशी टम्म झालीत."

"लहान जन्मली म्हणून लहान दिसते. पण वाढतेय. आज एकशे तीस."

"तरीपण..."

"अगं, काटा सांगतोय ना! तेवीस वर्षं काम केलंय मी याच्यासोबत. तो खोटं बोलत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझे तुकडे झाले असते तरी बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई पाहुणीला तपासायला आल्या. इवलीला हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला. पिशवीतून त्यांनी आपला लहानसा, आकडे उजळणारा काटा काढला आणि तिला त्यावर ठेवलं. चौऱ्याऐंशी. पुन्हा ठेवलं. चौऱ्याऐंशी.

"शक्य नाही," बाई म्हणाल्या. "काल एकशे तीस होती."

 डॉक्टरीणबाईंनी खिशातलं पेन काढून माझ्या रिकाम्या तबकात टाकलं. माझी दांडी हलली नाही. मग चष्मा काढून ठेवला. हलली नाही. मग किल्ल्यांचा जुडगा टाकला, तेव्हा कुठे मी कुरकुरत एका बाजूला कललो.

 बहिणीने वही मिटली.

त्यानंतर दोन दिवस त्या घराने दुसरं काही केलं नाही. आधी इवलीला ऊब दिली, कारण गार पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवली. पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणली. दर दोन तासांनी ड्रॉपरने थेंब थेंब दूध. एक पाळी बाईंची, एक बहिणीची. जी बहीण मांजरीला कुत्सितपणे 'पाहुणी' म्हणायची, ती जमिनीवर मांडी घालून इवलीचं इवलंसं तोंड पुसत होती आणि म्हणत होती, "घे गं माझी बाय. एवढा एक घे. मग नाही सांगत." दुसऱ्या दिवशी सकाळी इवली पाहुणीच्या पोटाशी सरकली, स्वतःहून. दोघी बहिणी लहान मुलींसारख्या एकमेकींचे हात धरून बघत राहिल्या.

पण फार उशीर झाला होता. दुपारी चारच्या सुमाराला इवली बाईंच्या ओंजळीत गेली. पाहुणीने उठून तिला हुंगलं, बराच वेळ चाटलं, आणि मग बाईंच्या सुजलेल्या बोटांनाही चाटलं.

बहिणीने अंगणात खड्डा केला. बाई मोरीत हात धूत राहिल्या. पाणी वाहत राहिलं. शेवटी बहिणीने येऊन नळ बंद केला.

मला वाटलं होतं, दुःख इथे संपेल. उरलेली तिन्ही पिल्लं हळूहळू मोठी, खेळकर झाली. एक डॉक्टरीणबाईंनी नेलं, एक शेजारच्या शिंप्याने, आणि एक बहिणीने ठेवून घेतलं. पण बाई हसेनात. एका सकाळी त्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "ती बसवाल्याची मुलगी आठवते तुला? मी सांगितलेली?"

"कुठली गं?"

"अशक्त जन्मलेली. पाच दिवस ठेवली होती. मी वजन केलं आणि तिच्या आईला म्हणाले, वाढतेय, बिनघोर घरी न्या. दुसऱ्या महिन्यात गेली ती." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तेव्हाही हा असाच अडकला असेल तर? आणि अशी किती असतील? मीच सांगत होते ना सगळ्यांना, काटा खोटं बोलत नाही म्हणून."

"काहीतरीच काय, ताई! तेव्हा दर सहा महिन्यांनी माणूस येऊन तपासून जायचा."

"आणि मधल्या महिन्यांत?"

मित्रांनो, मला ती मुलगी आठवते. तिच्या मनगटाला निळा दोरा होता. त्या दिवशी माझ्या धारा आरशासारख्या होत्या. ती खरंच वाढली होती, पुरती सात खाचा. पुढे तिला काय झालं ते मला माहीत नाही, पण बाईंनी तिच्या आईला सांगितलं ते खरं होतं. मी आतून ओरडत होतो, "बाई, तेव्हा मी बरोबर होतो! तुम्ही बरोबर होता!" बाहेर माझी दांडी गप्प होती.

बहिणीने काटे दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने मला उघडलं, धारा घासल्या, तेल दिलं. बाईंनी त्याला एकच विचारलं, "हा गंज किती जुना असेल?"

तो हात पुसत म्हणाला, "गंजावर तारीख नसते, बाई. पाच वर्षांचा असेल, वीस वर्षांचाही असेल." भला माणूस होता. त्याला वाटलं, तो साधं उत्तर देतोय. बहीण त्याच्यावर एवढी का डाफरली, ते त्याला कळलंच नाही.

त्यानंतर मी एका खाचेचीही चूक केली नसती. पण बाईंनी पुन्हा माझ्यावर काही तोललं नाही. रस्त्यात कुणी भेटून म्हणालं, "नर्सबाई, तुमच्याच हातचा मी," तर पूर्वी त्या त्याची दृष्ट काढल्यासारखा त्याच्या गालावरून हात फिरवायच्या. आता त्या "हो का" म्हणून चालू लागायच्या, असं बहीण डॉक्टरीणबाईंना सांगताना मी ऐकलं. दोन वर्षांनी बाई गेल्या. तो प्रश्न सोबत घेऊनच गेल्या.

मुलांनो, म्हणून मी तुम्हाला ही गोष्ट सांगितली. ज्या वस्तूवर विश्वास टाकाल, तिला नुसती वरून चकचकीत करू नका, आतूनही पाहा. तुमच्या घरी एखादी मांजर व्याली, तर वजन जरूर करा, पण पिल्लू हातातही घेऊन बघा, आणि त्याची आई काय सांगतेय तिकडेही लक्ष द्या. ती त्याला पुन्हा पुन्हा तुमच्या पायाशी आणून ठेवत असेल, तर ती मदत मागत असेल.

आणि एक शेवटचं. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं म्हातारं माणूस असेल, जन्मभर राबलेलं, आणि आपलं सगळं काम चुकलं की काय, अशी शंका त्याला खात असेल, तर त्याच्याजवळ बसा. तुम्हाला जे ठाऊक असेल ते त्याला स्पष्ट शब्दांत, वेळेवर सांगा. तुम्हाला बोलता येतं.