मबरूका मावशीचा पहिला नंबर

बुधवारी संध्याकाळी बाजारचौकातल्या कॉफीगृहात सामना बंद करून टीव्हीवर मबरूका मावशीचं नाव लावलं, तेव्हाच मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. आमच्या नाबुलमध्ये चालू सामना बंद करायची हिंमत आजवर फक्त विजेनं केली होती.

टीव्हीपुढे रमझी उभा होता. राजधानीहून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. इंटरनेटच्या शोधात वेबसाइट सगळ्यात वर आणून देणारा म्हणून महिन्याभरात त्याचं गावभर नाव झालं होतं. त्यानं फोनवर काहीतरी शोधलं आणि टीव्हीवर उमटलं, ‘मबरूकाचं नारिंगफुलांचं पाणी, नाबुल’. सगळ्यात वर.

“बघा,” तो म्हणाला. “जगात पहिली. पॅरिस मागे, बैरूत मागे.”

बायकांनी आनंदाचा तो लांब, थरथरता सूर काढला. न्हावी सालाह डोळे पुसू लागला. त्याचा या पाण्याशी संबंध एवढाच, की रोज त्याच्या कॉफीत तीन थेंब पडतात.

“हे घडतं कसं, साहेब?” कुणीतरी विचारलं.

“लिंकनं. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी वाट म्हणजे लिंक. अशा दोनशे चाळीस वाटा मी मावशींच्या दाराशी आणल्यात. इंटरनेटलाही नाडी असते, ती हाताला लागावी लागते.” त्यानं डोळे मिटून फोनवर दोन बोटं ठेवली. “दुसऱ्या टप्प्यात हजार वाटा. मग ऑर्डरी थांबवायच्या कशा, तेवढंच शिकवायचं राहील.”

या दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरायला मावशीनं आपल्या आईची कत्तार विकायला काढली होती. कत्तार म्हणजे फुलांचा अर्क काढायचं तांब्याचं भांडं. तिच्याकडे ती एकच होती. किनाऱ्यावरचं एक हॉटेल शुक्रवारी ती नेणार होतं, दर्शनी दालनात कुंडी म्हणून ठेवायला.

“मावशी,” मी म्हणालो, “नंबर पहिला आला आणि भांडंच नसलं, तर बाटलीत काय भराल?”

“मास्तर, तुम्ही मुलांना शिकवा,” ती म्हणाली. “दोन वर्षं बाटल्या फळीवर धूळ खाताहेत. तुमच्याकडे दुसरा उपाय आहे का?”

मी कॉफी संपवून घरी निघालो.

मी निवृत्त झालो तरी गुरुवारी शाळा सुटल्यावर मुलं माझ्या अंगणात जमतात. त्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. म्हणालो, “तुमच्यात सगळ्यात छान चित्र कोण काढतं? चिठ्ठीवर नाव लिहा. खाली स्वतःचंही लिहा.”

चिठ्ठ्या उघडल्या. बिलेलनं मेहेरचं नाव लिहिलं होतं आणि मेहेरनं बिलेलचं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. कोपऱ्यात बसणाऱ्या रीमचं नाव मात्र चार जणांनी लिहिलं होतं आणि रीमनं त्या चौघांपैकी कुणाचंच लिहिलं नव्हतं.

“आता सांगा, खरंच छान कोण काढतं?” मी विचारलं.

“रीम,” मावशीची नात एमना म्हणाली. “ज्यांनी तिचं नाव लिहिलं, त्यांना तिच्याकडून काही मिळणार नव्हतं.”

“इंटरनेटवर शोधून देणारी यंत्रंही साधारण हेच बघायचा प्रयत्न करतात. कोण कुणाकडे बोट दाखवतंय आणि मनापासून की ठरवून.”

एमना उठली आणि दुकानाकडे पळाली. परत आली ती रमझीची यादी घेऊन. दोनशे चाळीस लिंकची ती यादी त्यानं सोनेरी चौकटीत बसवून आजीच्या दुकानात टांगली होती.

आम्ही माझ्या फोनवर एकेक उघडत गेलो. टायरचं दुकान. कुत्र्यांचा शाम्पू. छपराची गळती. सगळीकडे एकच वाक्य, एकाच तारखेला लिहिलेलं: ‘मबरूकाच्या पाण्यानं आमचं जीवन बदललं.’

“टायरवाल्याचं कसं बदललं असेल?” रीमनं विचारलं.

“हवेऐवजी भरत असेल,” बिलेल म्हणाला.

मग गावातल्या एकोणीस लिंक निघाल्या. इथे शेजाऱ्याकडून आलेलं ताट कुणी रिकामं परत पाठवत नाही, हे रमझीनं बरोबर हेरलं होतं. कुंभारानं खाटकाची लिंक दिली, खाटकानं कुंभाराची, दोघांनी मावशीची, मावशीनं दोघांची. सगळं गाव गोल करून एकमेकांची पाठ थोपटत उभं होतं.

“मास्तर,” एमना हळूच म्हणाली, “आपल्या वर्गाच्या पानावर सालाहकाकांच्या दुकानाची शिफारस आहे.”

मी टकलावरून हात फिरवला. “त्यानं माझ्या शिकवण्याची स्तुती केली होती. ताट रिकामं कसं पाठवू?”

मुलं बराच वेळ हसली. मी हसू दिलं, कारण चूक माझीच होती.

यादीतली शेवटची लिंक समुद्रापलीकडच्या त्रापानी शहरातल्या एका बिस्किटं करणाऱ्या बाईची होती, रमझी गावात येण्याच्या कितीतरी आधीची. ती आम्ही वाचली आणि मी मुलांची वरात घेऊन कॉफीगृहात गेलो. तिथे रमझी मावशीला दुसऱ्या टप्प्याचा हिशेब समजावत होता.

एमनानं कॉफीगृहाच्या मालकाचा फोन मागून टीव्हीला जोडला. “मी फक्त ‘नारिंगफुलांचं पाणी’ एवढंच शोधते.”

“बाळ,” रमझी म्हणाला, “असं अर्धवट विचारलं की इंटरनेट रुसतं.”

“पण गिऱ्हाईक असंच विचारणार. ज्याला आजीचं नाव माहीत आहे, तो सरळ दुकानात येईल.”

पहिलं पान झालं. दुसरं झालं. पाचव्याला मालकानं विचारलं, “सामना लावू का?” मावशीचं नाव नवव्या पानावर सापडलं.

मी मुलांकडे वळलो. “तुमच्यात एमना कोण आहे?” एकच हात वर झाला. “बघा, मंडळी. एमना जगात पहिली आली. काल रमझीसाहेबांनीही असंच मावशीचं नाव घालूनच शोधलं होतं. त्यात उत्तर आधीच होतं.”

मग मुलांनी टायर, शाम्पू आणि छप्पर वाचून दाखवलं. “या सगळ्या वेबसाइटी एकाच दिवशी आजीच्या प्रेमात कशा पडल्या, साहेब?” एमनानं विचारलं. रमझीला तेवढ्यात राजधानीहून फोन आला. दोन्ही फोन टेबलावर पालथे होते, तरी आला. तो बोलत बोलत बाहेर गेला आणि परत आला नाही.

मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती. एमनानं तिला शेवटची लिंक वाचून दाखवली. ‘गेल्या वसंतात नाबुलला गेले होते. एका बाईनं अंगणात बसवून कॉफी दिली, त्या कॉफीत या पाण्याचे तीन थेंब घातले. मी दोन बाटल्या आणल्या. आता माझ्या बदामाच्या बिस्किटांना दुसरं पाणी चालत नाही.’

“अगं बाई, ती निळ्या टोपीवाली,” मावशी म्हणाली. “आणि मी तिला उलट काहीच पाठवलं नाही. वर्षभर ताट रिकामं ठेवलं.”

“म्हणूनच ही एक लिंक त्या बाकीच्यांपेक्षा मोलाची आहे, मावशी. तिनं बदल्यात काही मागितलेलं नाही आणि तुम्ही ती विकत घेतलेली नाही.”

शुक्रवारी हॉटेलची गाडी आली, तेव्हा कत्तार चुलीवर होती आणि गल्लीभर फुलांचा वास पसरला होता. मावशीनं चालकाला कॉफी दिली. “कुंडी हवी असेल तर पलीकडच्या कुंभाराकडे जा. चांगल्या करतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मास्तर, हे मी त्याच्याकडून काहीएक न घेता सांगतेय.”

मावशी अजून पहिल्या पानावर आलेली नाही. एमनानं मात्र फुलं खुडण्यापासून बाटलीचं बूच लावण्यापर्यंत सगळी कृती आजीच्या वेबसाइटवर लिहिली आहे, फोटोंसह. त्रापानीहून सहा बाटल्यांची मागणी आली आणि तिथल्याच आणखी एका बेकरीनं आपणहून ती कृती आपल्या पानावर जोडली. वाट अशीच पडते, पायापायानं.

तेव्हा मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, कुणी पडद्यावर चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रश्न कुणी निवडला? आणि साक्ष देणाऱ्याला त्यात काय मिळालं? रागावून विचारायची गरज नाही. शांतपणे विचारा आणि उत्तर येईपर्यंत पाकिटाला हात लावू नका.

सालाहची शिफारस मी त्याच दिवशी काढून टाकली. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवत म्हणाला, “मास्तर, डोक्यावर केस असते तर शिफारस केली असतीत ना?”

“आधी कापून घेतले असते,” मी म्हणालो. “मग आरशात बघून ठरवलं असतं.”