रेघांमधला नादेर

नादेरने ते यंत्र घरात आणलं त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. इजिप्तमधल्या दुमयात शहरात आमच्या घराण्याने तीन पिढ्या लाकडावर गुलाब कोरले. आणि माझ्या पोराने टेबलाएवढं एक खेळणं आणून ठेवलं होतं, ज्याचं टोक गरागरा फिरत मुंगीच्या चालीने पुढे सरकायचं. सोबत एक जुना कंप्युटर, आणि त्यात फोटोवरून कोरीवकाम करून देणारं सॉफ्टवेअर.

"एका बदकाच्या किमतीत मिळालं, बाबा," तो म्हणाला.

"मग बदकच आणायचं होतंस. निदान पोटात तरी गेलं असतं."

त्यावर तो हसला, त्याची आई हसली. मी हसलो नाही.

त्या सॉफ्टवेअरची करामत साधी होती. त्याला फोटो द्यायचा. ते फोटोवर ओळीने रेघा आखायचं आणि यंत्र त्या रेघा फळीत कोरायचं. फोटोत जिथे काळोख, तिथे रेघ खोल आणि रुंद. जिथे उजेड, तिथे नुसता ओरखडा. जवळून बघितलं तर नांगरलेलं शेत. चार पावलं मागे सरलं, की माणूस आपल्याकडे बघतोय. मोठ्या कारखान्यांकडे फिरकायची ज्यांची ऐपत नव्हती असे लोक नवरानवरीचे, हजहून आलेल्या आजोबांचे फोटो घेऊन आमच्या दारात येऊ लागले. माझी बोटं तेव्हाच थरथरायला लागली होती. माझं गिऱ्हाईक तुटलं ते त्यामुळे, पण खापर मी यंत्रावर फोडत राहिलो.

मागच्या हिवाळ्यात अशीच एक फळी पोचवायला तो मोटारसायकलवरून मन्सुरा शहराच्या रस्त्याने गेला. परत आला नाही. त्याबद्दल मला जास्त सांगवत नाही.

त्याच्या आईची, उम्म नादेरची, नजर साखरेच्या आजाराने सहा वर्षांपूर्वीच गेली होती. तेव्हापासून नादेर संध्याकाळी बाहेरून घरी आला की आधी तिच्यापुढे वाकायचा आणि तोंड तिच्या हातात द्यायचा. ती कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपायची. "आज जेवला नाहीस," म्हणायची, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. तो गेल्यावरही त्याच्या येण्याच्या वेळेला तिचे हात मांडीवर उघडे पडलेले असायचे. ते हात मला बघवत नव्हते.

एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "अबू नादेर, मी त्याचा चेहरा विसरायला लागले. डोळ्यांनी तर केव्हाच विसरले होते. आता बोटंही विसरताहेत."

मी उठलो, फळी घेतली, पटाशी घेतली. पहिल्याच घावाला पटाशी घसरली आणि अंगठा फाटला. दुसऱ्यांदा घसरली तेव्हा नाकाच्या जागी खड्डा पडला. मी दार लावून घेतलं आणि बायकांसारखा, नाही, बायका रडतात त्याहून वाईट रडलो.

मग त्या यंत्रापुढे बसलो. नादेरने भिंतीवर एक कागद चिकटवला होता, त्यात कुठला आकडा कुठे भरायचा ते लिहिलं होतं: टोक किती अंशांचं, दोन रेघांत अंतर किती, खोली किती. पोराचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पॉलिशवाला बसयूनी मदतीला आला, पण त्याची जीभ गप्प बसेना.

"काय उस्ताद, अखेर खेळण्याशी दोस्ती केलीस?"

"माझ्या पोराची वस्तू आहे ती. तोंड सांभाळ."

तो बिचारा ओशाळला. नंतर त्याने दोन दिवस काम सोडून मला कंप्युटर चालवून दिला.

दोन फळ्या वाया गेल्या. तिसऱ्या फळीवर, बीच झाडाच्या चांगल्या वाळलेल्या लाकडावर, नादेर उतरला. रास-अल-बरच्या किनाऱ्यावरचा फोटो होता तो, वाऱ्याने केस उडालेले. मी चार पावलं मागे सरलो, तर पोर माझ्याकडे बघत होतं.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी कुराणपठण झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, मी ती फळी तिच्या मांडीवर ठेवली. बायका ओक्साबोक्शी रडत होत्या. तिने दोन्ही हात फिरवले, वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"तोच आहे," ती म्हणाली. "हुबेहूब तोच."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. पुढे रोज दुपारी ती फळी मांडीवर घेऊन बसायची, हात फिरवायची, ओठ टेकवायची. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपण या बाईला काही दिलं.

तीन आठवड्यांनी दुपारी चहा घेऊन गेलो तर ती फळीला ओठ टेकवत होती. फळी उलटी होती. केस खाली, हनुवटी वर.

"उलटी धरलीस," मी म्हणालो.

"हो का?" तिने ती फिरवली. मग जरा थांबून म्हणाली, "मला कशी कळणार? दोन्हीकडून सारखीच लागते."

मी चहा खाली ठेवला. डोळे मिटले आणि फळीवर अंगठा फिरवला. आमच्या धंद्यात उस्ताद शिकाऊचं काम असंच तपासतो, डोळे मिटून; बोटाला पाकळी लागली नाही तर काम परत. पन्नास वर्षांत मी ही तपासणी एकदाही चुकवली नव्हती. फक्त या फळीच्या वेळी चुकवली, कारण मी तिला डोळे भरून बघत बसलो होतो. अंगठ्याला नुसत्या रेघा लागल्या. ना नाक, ना गाल. डोळ्यांच्या जागी खडबडीत चर. मी आंधळ्या बाईसाठी डोळसांचं चित्र करून आणलं होतं.

"मग हुबेहूब का म्हणालीस?" माझा आवाज चढला. "इतके दिवस माझी थट्टा चालवलीस?"

"तो गेल्यापासून त्या दिवशी तुमचा आवाज पहिल्यांदा माणसात आला होता. तो परत कशी घालवू?"

मला शरम वाटली. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो. तिने फळी बाजूला ठेवली, हात पुढे केले आणि माझं तोंड धरलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण असं तिने कधी केलं नव्हतं, आणि मीही कधी वाकलो नव्हतो.

"कपाळ हेच," ती म्हणाली. "भुवया याच. नाकही तुमचंच घेतलं होतं त्याने." बोटं गालावर आली आणि अडली. "उद्यापासून रोज दाढी करा. तो रोज करायचा."

आता मी रोज सकाळी न्हाव्याकडे जातो, आणि संध्याकाळी, त्याच्या येण्याच्या वेळेला, तिच्यापुढे वाकतो. ती कपाळावरून सुरू करते. भुवया, नाक, गाल. इथपर्यंत तिचा चेहरा शांत असतो. मग बोटं खाली येतात आणि थांबतात. त्याची हनुवटी ना माझ्यासारखी होती, ना तिच्यासारखी. ती फक्त त्याची होती.

तिथून ती हात काढून घेते आणि मला जेवायला वाढते.