भुतांची वही

"सरक जरा तिकडं. माझ्या मांडीला मुंग्या आल्यात," गोजरबाई सुनेच्या कानाशी पुटपुटली. "बसायला धड पोतं न्हाई, अन् भूत बघा म्हणं. भूत बघायला तंबूत कशाला यावं लागतंय? आपल्या बाभळीखाली काय कमी हायत?"

धुरपदाबाईनं स्वतःखालचं पोतं अर्धं ओढून सासूकडं सारलं आणि हसू पदरात दाबलं.

"बाभळीखालची भुतं पेटी वाजवत न्हाईत, आत्याबाई."

"मग ती बरीच म्हणायची."

मागच्या ओळीतली तानुबाई खुदकन हसली. कनातीपलीकडं पुरुषांच्या बाजूला बिड्या पेटत होत्या. इंजिन धडधडायला लागलं होतं, पण आभाळात अजून थोडा उजेड होता आणि पुरता अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही उमटत नसे. कापसाचा हंगाम संपून जिनिंगचे भोंगे थांबले की सेलूच्या बाजारतळावर हा फिरता सिनेमा उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर तंबू गुंडाळून निघून जायचा.

एरवी धुरपदाबाईच्या सोबतीला तिची धाकटी जाऊ केशरबाई असे. आज केशरबाईच्या पोरीला गोवर आला होता. तेव्हा धुरपदाबाईनं संध्याकाळी गुपचूप केरसुणी हातात घेतली आणि आजचा खेळ मनातून काढून टाकला. ओट्यावर बसलेल्या सासूनं तिच्याकडं थोडा वेळ बघितलं आणि ती म्हणाली, "एकटी कशी जाशील? चल, मी येते." घरातली सगळी माणसं मान वर करून बघत राहिली. गोजरबाईनं तंबूचं दारसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

पण सुनेला मात्र तिनं कधी अडवलं नाही. नवरा घरी नसताना ही बाई सिनेमाला कशी जाते, असं कुणी ओट्यावर येऊन कुजबुजलं की गोजरबाई सुपारी कातरता कातरता म्हणायची, "भुतंच बघायला जाती ना? जिवंत माणसाला तर तरास न्हाई तिचा?" कुजबुजणारीला उठावंच लागे. या एका वाक्याबद्दल धुरपदाबाई सासूची इतकी ऋणी होती की तिच्या भाकरीवरचं लोणी नेहमी बोटभर जास्तच असायचं.

ती खरोखरच फक्त भुतंच बघायची. देवादिकांचे, राजाराणीचे, मारामारीचे खेळ आले की घरी बसायची. आणि पाहिलेलं प्रत्येक भूत वहीत उतरवायची. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली होती. वाण्याच्या दुकानातून साखर, हळद यायची, त्या पुड्यांचे कागद सोडवून, अक्षराला अक्षर जोडून ती आपली आपणच वाचायला शिकली. नंतर तसेच कागद दोऱ्यानं शिवून तिनं वही केली. वहीत लपवण्यासारखं काही नव्हतं. खेळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका डाळी निवडायला ओट्यावर जमल्या की कुणीतरी म्हणायचंच, "अक्का, वही काढा की." मग धुरपदाबाई घसा साफ करून वाचायची:

"हवेलीतली बाई. हातात मेणबत्ती घेऊन फिरती. एवढी मोठी हवेली, पण एका दाराला कडी न्हाई. मग भूत येणार न्हाई तर काय पाव्हणे येतील?"

"मोठ्या दातांचा. आमच्या ओळीत कुणी भ्यालं न्हाई. तानुबाई झोपली. भुतानं जाताना तिच्याकडं वळून बघितलं असं मला वाटलं."

"तुटक्या हाताचा. लय चांगला. सगळ्या बाया रडल्या. तंबूवाल्याचं भलं होवो."

बायका डाळ सांडेपर्यंत हसायच्या. ज्या भुताच्या खेळात बायका रडल्या तेच भूत तेवढं "लय चांगलं" कसं ठरतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याचं कारण साधं होतं. भुताच्या खेळात अंधार असतो, शेजारणी किंचाळत असतात, आणि तोंड ओलं दिसलं तरी लोक म्हणतात, भ्याली बिचारी. घरी ती सोय नव्हती. निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत तिचा नवरा चंद्रभान पालमच्या बाजारातून बैल आणायला म्हणून निघाला तो परत आला नाही. बैल आले नाहीत, पैरणीचा तुकडा आला नाही, कुणी काही पाहिलं असं सांगणाराही आला नाही. राज्य बदललं, नाणं बदललं, चावडीवरचा झेंडा बदलला. घरात मात्र "चंद्रभान आल्यावर" एवढंच बदललं नाही. माळवदावर नवी माती टाकायची ती चंद्रभान आल्यावर. केशरच्या पोरीचं जावळ चंद्रभान आल्यावर; ते मात्र शेवटी पोरीच्या डोळ्यांवर यायला लागलं म्हणून काढावं लागलं. येणाऱ्या माणसासाठी रडणं म्हणजे अपशकुन. त्यामुळं धुरपदाबाई घरात रडली नाही. तिच्या कपाळाला कुंकू होतं, हातात चुडा होता, संक्रांतीला चार बायकांबरोबर तिलाही वाण मिळत होतं. चंद्रभानबद्दल दुसरा शब्द एकदा कुणाच्या तोंडून निघाला असता तर त्याच दिवशी चुडा फुटला असता, कुंकू गेलं असतं, आणि हा तंबूही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तो शब्द कुणी काढत नव्हतं.

धुरपदाबाईनं स्वतः तो मनातल्या मनात कधीच काढला होता. पण म्हातारी त्या आशेवर जगते आहे, असं तिला वाटायचं. कुणी "आता काय येतोय" असा नुसता सूर लावला तरी गोजरबाई त्याच्या अंगावर जायची. तिची आशा मोडायची कुणी?

पडदा उजळला. बायकांच्या बाजूनं एक लांब "अगं बाई" निघालं.

खेळ एका तरण्या माणसाचा होता. गावाकडं येताना वाटेत त्याला मारून टाकतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. मग तो रोज दिवेलागणीला आपल्याच घरच्या विहिरीवर येऊन उभा राहतो. पाणी भरायला बायका येतात. तो ओंजळ पुढं करतो. बायका त्याच्या अंगातून आरपार निघून जातात. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा सगळी ओळ किंचाळली. दुसऱ्यांदा कुणी किंचाळलं नाही. तिसऱ्यांदा त्याची आई आली. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली, त्याच्या ओंजळीला पदर घासून ती पुढं निघून गेली.

धुरपदाबाईनं सवयीनं पदर तोंडात धरला.

तेवढ्यात रीळ तुटली. तंबूतला दिवा लागला, कनातीपलीकडून शिट्ट्या सुरू झाल्या. रीळ कधी ना कधी तुटतेच, त्यामुळं दिवा लागायच्या आत डोळे पुसायचं तिला जमत असे. आजही जमलं. मग तिनं शेजारी पाहिलं.

गोजरबाई डोळे पुसत नव्हती. ती रिकाम्या पांढऱ्या कापडाकडं बघत बसली होती आणि पाणी गालाच्या सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीला आलं होतं.

"भ्यालात का, आत्याबाई?"

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "लय भ्याले."

मग तिनं विचारलं, "त्येला कुणी पाणी का दिईना?"

"तो दिसत न्हाई ना कुणाला."

"आईला बी?"

उत्तर मागून तानुबाईनं दिलं. "अवं आत्या, त्येच्या नावानं कुणी पाणीच सोडलं न्हाई. सोडल्याबिगर कसं पोचंल? म्हणून तर फिरायलाय त्यो."

दिवा गेला. उरलेल्या खेळात गोजरबाई एकदाही कुरकुरली नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईनं वहीत "विहिरीवरचा" एवढं लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. ओट्यावर बायकांनी वही काढा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यात रीळच लय तुटली. कळलं न्हाई नीट."

त्याच आठवड्यात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या कोऱ्या घागरी भरायच्या, एकेकाची एकेक, आणि पितरांना पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. घागरी आणायला गोजरबाई दर वर्षी स्वतः कुंभारवाड्यात जायची. ते काम ती कुणाला देत नसे.

सकाळी केशरबाई ओसरीवर घागरी धूत होती. सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची, आजेसासूची.

"आत्याबाईंनी यंदा बी एक जास्तीची आणली," ती हसत म्हणाली. "दर साली मोजायला चुकतात बघा, अक्का."

"फुटली-बिटली तर असावी," गोजरबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

दर वर्षी ती हेच म्हणायची. मग ती जास्तीची घागर रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी ठेवली जायची, आणि अख्खा उन्हाळा ती भरायला गोजरबाई कुणाला हात लावू देत नसे.

आमरसाचं पातेलं घेऊन आलेली धुरपदाबाई उंबऱ्यातच थांबली. वेचणीच्या दिवसांत कुठल्या बाईनं किती कापूस वेचला, हे गाठोडं नुसतं उचलून सांगणारी ही सासू. ती घागरी मोजायला चुकत नव्हती.

तिनं गोजरबाईकडं पाहिलं. गोजरबाई तिच्याचकडं बघत होती. तोंडाकडं नव्हे, त्याच्या थोडं वर, कपाळाकडं. नजरेला नजर भिडताच म्हातारीनं मान वळवली आणि नसलेला केर पदरानं झाडायला लागली.

पातेलं उंबऱ्यावर ठेवायला धुरपदाबाईला जरा वेळ लागला.

बन्सीधर, तिचा दीर, अंघोळ करून ओल्या धोतरानं पाटावर येऊन बसला. त्यानं बापाचं नाव घेऊन पहिली घागर भरली. मग आजाची, मग आजीची. उरलेली रिकामी घागर बाजूला ठेवायला त्यानं उचलली.

"भावजी," धुरपदाबाई म्हणाली. "ती तितंच राहू द्या."

बन्सीधरनं आईकडं पाहिलं. केशरबाईनं धुतलेल्याच पाटावर पुन्हा पाणी ओतलं.

"धुरपदे, आत जा," गोजरबाई म्हणाली. "पुरणाकडं बघ."

"पुरण झालंय."

"मग कुरडया तळ."

"तळल्यात."

"भजी?"

"आत्याबाई."

"मी जित्ती हाय तवर," गोजरबाईचा आवाज चढला, "ह्या घरात कुणाच्या तोंडातनं..." आणि तो तिथंच तुटला. तिचे हात मांडीवर आपोआप एकमेकांत गुंतले. "आत जा गं माय. तुझ्या पाया पडते. आत जा."

धुरपदाबाई आत गेली नाही. तिनं बन्सीधरच्या हातातली घागर घेतली आणि सासूच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. घागर दोघींच्या मधे ठेवली. म्हातारीच्या डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं नीट केला. खूप वर्षं ही बाई सगळ्या गावाशी भांडत आली होती, आणि कुणासाठी भांडतेय ते आपल्याला कधी कळलं नाही, याचं तिला मनातल्या मनात हसू आलं. इथं अंधार नव्हता. ओसरीवर लख्ख ऊन आलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला नाही.

"लय वर्सं तुमी माझं कपाळ राखलंत," ती म्हणाली. "तुमच्या पोटात काय व्हतं ते मला दिसू दिलं न्हाई. ह्ये मी कुठं फेडू, मला ठावं न्हाई. पर आज माझं ऐका."

गोजरबाई मान हलवत राहिली, नाही, नाही.

"तुमचा लेक मेलाय, आत्याबाई. त्येला पाणी द्या."