कडक म्हणून नोंदलेली माती

माझे वडील मातीचे इंजिनियर होते. इमारत बांधण्याआधी जमिनीत भोक पाडून खालची माती वर काढायची, ती किती भार पेलेल ते ठरवायचं आणि तसं लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. वारले तेव्हा त्यांना पाण्याचा पेला धरता येत नव्हता. स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. हातापासून सुरू झाला आणि श्वासापाशी संपला. निदान झाल्यापासून दोन वर्षं लागली.

त्यांना जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्या. त्यांची दोन मजली इमारत बाबांच्याच अहवालावर उभी होती. आधी त्या बाबांविषयी चांगलं बोलल्या, मग चहा घेतला, मग म्हणाल्या की वरच्या वॉर्डाचं दार जमिनीला घासतं. दोनदा तासून घेतलं. सुतार म्हणतो, आणखी एकदा रंधा मारला तर दार उरणार नाही, फळी उरेल. यावर त्या हसल्या, आईही हसली. मग त्यांनी पिशवीतून बाबांचा अहवाल काढला आणि मला विचारलं, यात काही सापडेल का ते बघाल का? बाबांची प्रयोगशाळा बंद झाली होती, दुसऱ्या कुणाला विचारण्याआधी घरी विचारावं असं त्यांना वाटलं होतं.

तो अहवाल मीच टाइप केला होता. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. बाबांचे अहवाल मी शुद्धलेखनासाठी नेहमीच वाचायचे, आणि शेवटच्या काळात ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. माझी बोटं जाड झालीत, दोन दोन बटणं दाबली जातात, असं ते म्हणायचे. मला ते तास आवडायचे. त्यांच्या हाताला काही झालं असेल असा विचारही माझ्या मनाला शिवला नाही.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी माळ्यावरून त्यांच्या वह्या काढल्या. जागेवर उभं राहून, पेन्सिलीनं लिहिलेल्या वह्या. प्रसूतिगृहाच्या पानावर तीन मीटर खोलीपुढे भोक पाडणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलेला आकडा होता: चार ठोके. जड हातोडा ठरलेल्या उंचीवरून पाडायचा आणि लोखंडी नळी एक फूट खाली जायला किती ठोके लागतात ते मोजायचं, अशी ती पद्धत. चार ठोक्यांत फूटभर जाते ती माती मऊ. पण त्यापुढे बाबांनी कंसात लिहिलं होतं, ‘पाण्यानं तळ धुतला गेला, आकडा धरू नये’, आणि त्यापुढे, ‘अंगठा: कडक’.

अंगठ्याची रीत मी लहानपणापासून पाहिली होती. भोकातून चिकणमातीचा नमुना वर आला की बाबा त्यात अंगठा दाबत. सहज आत गेला तर मऊ. जोर लावून गेला तर मध्यम. जोर लावूनही नुसता ठसा उठला तर कडक. ही काही त्यांची मनमानी नव्हती, सगळेच इंजिनियर करतात. फरक एवढाच की बाबांचा अंगठा चुकत नसे. एकदा इंजिनियरिंग महाविद्यालयाच्या एका प्राध्यापकांनी त्यांना दहा नमुने दिले आणि त्यांनी सांगितलेली ताकद यंत्रानं काढलेल्या आकड्यांशी दहाही वेळा जुळली. तेव्हापासून त्यांनी काम असं बसवलं होतं: अंगठ्याला शंका आली तो नमुना यंत्रावर लावायचा. शंका नसेल तर त्या दर्जापुढचा तक्त्यातला आकडा लिहून मोकळं व्हायचं. ठोक्यांवर चिकणमातीत फार भरवसा ठेवू नये, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मी मागची पानं पाहिली, मग पुढची. माझा धंदाच अक्षर बघण्याचा आहे. मे महिन्यापर्यंत बाबांचं अक्षर जसं होतं तसं होतं, बुटकं आणि कागदात रुतलेलं. मेपासून ते उंच आणि फिकट होत गेलं. पेन्सिल दाबली जात नव्हती. निदान ऑक्टोबरात झालं होतं, आणि तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पडलेला खड्डा आम्हाला दाखवला होता. हे इथून सुरू झालं असणार, बरेच महिने झाले असतील, असं ते म्हणाले होते.

अंगठ्यात जोर नसेल तर प्रत्येक माती कडक लागते.

मे ते ऑक्टोबर अकरा कामं होती. अकरांपैकी सात ठिकाणी कडक लिहिलं होतं. सातवं प्रसूतिगृह. तिसरी गोदामामागची भिंत.

त्या भिंतीची गोष्ट आमच्या घरात बोलली जात नसे. बाबा आजारी पडल्यावर वर्षभरानं ती भिंत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कलंडली आणि तिच्या सावलीत बसलेला एक मजूर मेला. चौकशी अधिकारी घरी आले होते. बाबांना तेव्हा बोलता येत होतं, सावकाश. त्यांनी सांगितलं की भोक पाडणाऱ्या मिस्त्रीनं घाईनं पाणी मारून तळ सैल केला होता, त्याचे आकडे वापरण्याजोगे नव्हते, पुढेही त्यानं नमुने नीट काढले नसतील. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मिस्त्री आता त्या खटल्यात आरोपी होते, ठेकेदाराच्या पाठोपाठ दुसरे. पुढच्या महिन्यात तारीख होती.

मिस्त्रीकाका मला पंप दुरुस्तीच्या एका दुकानात सापडले. बाबांबरोबर त्यांनी तीस वर्षं भोकं पाडली होती. हातोड्याच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते, पण ते दोरावर हात ठेवून ठोके मोजत. कान गेले, आकडा गेला नाही, असं स्वतःच सांगत. मला बघून त्यांनी हात पुसले, स्टूल पुढे केलं आणि बाबांच्या शेवटच्या दिवसांविषयी विचारलं. अंत्यविधीला ते आले नव्हते. आलो असतो तर वहिनींना अवघड झालं असतं, म्हणाले.

मी त्यांच्यापुढे वही धरली. त्यांनी बराच वेळ पान बघितलं. मग सांगितलं की भिंतीच्या जागीही चारच ठोके आले होते. साहेब म्हणाले, तळ धुतलास. म्हणून दुसऱ्या भोकात त्यांनी पाणी निम्म्यावर आणलं, तरी चार. साहेबांनी नमुना दाबला आणि म्हणाले, ही बघ, दगडासारखी आहे, तुझं वय झालं आता.

“तुम्ही स्वतः दाबून नाही बघितली?”

“बघितली ना. बोट आत गेलं.”

“मग?”

ते पंपाचा एक नट उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, नमुने बंद करायच्या मेणाच्या डब्याचं झाकण त्या उन्हाळ्यात साहेबांना उघडेना. दोनदा बघितलं, तिसऱ्या वेळेपासून झाकण आधीच सैल करून डबा त्यांच्यापुढे ठेवू लागलो. त्यांना कळू नये म्हणून. माणूस थकतो, त्यात विचारायचं काय?

“मग तुम्हाला तेव्हाच समजलं होतं.”

“झाकण उघडत नाही एवढं समजलं होतं. पुढचं समजायला मी इंजिनियर आहे का?” ते म्हणाले. “साहेबांनी मला खोटं ठरवलं याचं मला काही नाही, पोरी. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या हाताला तसंच लागत होतं. पण माझ्या नावावर एक माणूस मेलाय. माझी सून आता मला जावई आले की आत बसा म्हणते.”

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की डॉक्टरीणबाईंना सांग, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एवढं पुरे आहे. अंगठ्याचं, तारखांचं, वह्यांचं कशाला?

मी म्हटलं, खटला आहे. आणखी पाच इमारती आहेत.

“रस्त्यात लोक मला थांबवतात,” आई म्हणाली. “सांगतात, आमच्या घराची माती साहेबांनी बघितली होती, म्हणून निवांत झोपतो. चाळीस वर्षांचं हे एवढंच माझ्याजवळ राहिलंय. ते लोक उद्या मला काय सांगतील?”

आठवडाभर आम्ही दोघी एका घरात राहून एकमेकींशी भाजीपुरतं बोललो.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, मिस्त्रींसकट. त्यांनी एकच विचारलं, तो माणूस पुन्हा मोजायला येईल का? महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी देखरेख करायचं कबूल केलं आणि एका सकाळी प्रसूतिगृहाच्या मागच्या आवारात हातोडा टांगायचं तिकाटणं उभं राहिलं. मिस्त्रींनी जुना दोर आणला होता. वरच्या खिडक्यांत बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या कुशीत दोन दिवसांचं मूल होतं. हातोड्याच्या आवाजानं ते रडेल असं मला वाटलं, पण ते झोपलेलंच राहिलं. तीन मीटरवर मिस्त्रींनी दोरावरचा हात काढला आणि प्राध्यापकांकडे बघून चार बोटं दाखवली. प्राध्यापकांनी लिहून घेतलं. नमुना वर आला तेव्हा कुणीच त्याला हात लावला नाही. नळीची दोन्ही तोंडं मेणानं बंद करून तो सरळ यंत्राकडे गेला.

आकडा आला तो बाबांनी लिहिलेल्याच्या एक तृतीयांश होता. इमारत मागच्या बाजूनं खचत होती आणि खचत राहणार होती. डॉक्टरीणबाईंनी तो कागद उभ्यानंच वाचला.

“आत्ता आठ बायका आहेत,” त्या प्राध्यापकांना म्हणाल्या. “दोघी आजच बाळंत झाल्यात.”

ते म्हणाले, आजच हलवा.

रुग्णवाहिकांच्या तीन फेऱ्या झाल्या. मी खाली उशा आणि डबे धरून उभी होते. त्यांतल्या एकीच्या सासूनं मला विचारलं, काय झालं हो, चांगली तर होती इमारत. मी म्हटलं, खालची माती मऊ निघाली. आधी बघत नाहीत का, ती म्हणाली. बघितली होती, असं मी सांगितलं.

मिस्त्रींच्या वकिलांनी माझा लेखी जबाब मागितला. वह्या, अक्षरातला बदल, प्रसूतिगृहाचा नवा आकडा हे सगळं जोडायचं होतं, पण अक्षरावरून कुणी काही मानेल याची त्यांना खात्री नव्हती. हात कधीपासून गेला ते घरातल्या माणसानं सांगायला हवं, असं ते म्हणाले. मी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तारखेची जागा मोकळी ठेवून बाकीचं लिहीत बसले. आई समोर येऊन बसली.

“मे लिहू नकोस,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती पुन्हा थांबवतेय. मी पेन खाली ठेवलं.

“त्याच्या आधीचा नोव्हेंबर. तुझ्या मावशीचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात. दवाखान्यात बाहेर बसलो होतो, तेव्हा म्हणाले, डाव्या हाताची नखं कापून देतेस का, हे कटर नीट दाबलं जात नाही. मी कटरच बदललं. नवं आणलं, तरी मलाच कापावी लागली. मग तेच चालू राहिलं.”

“नक्की तोच आठवडा?”

“नक्की. मला एकदा आठवून सांगावं लागलं होतं.”

“कुणाला?”

ती टेबलाच्या कडेवरचा न पडलेला डाग पुसत होती.

“चौकशीवाले गेले ना, त्या संध्याकाळी तुझ्या बाबांनी मला विचारलं. नखं कधीपासून कापतेस? मी हेच सांगितलं, मावशीच्या ऑपरेशनपासून. मग म्हणाले, वह्या आण. मी एकेक पान उलटून दाखवलं. मान हलवली की पुढचं. सगळ्या नाही झाल्या. मधेच म्हणाले, राहू दे, वर ठेवून दे.”

“आणि तू ठेवल्यास.”

“ठेवल्या. ते रडत होते. त्यांना डोळे पुसता येत नव्हते, ते आधी पुसले.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चार वेळा बंद पडली आणि पाचव्यांदा सुरू झाली. बाबा त्यानंतर दहा महिने होते. शेवटचे चार महिने त्यांना बोलता येत नव्हतं, पण पहिले सहा येत होतं. पाटीवरच्या अक्षरांकडे डोळ्यांनी खूण करून ते मला शब्द सांगत, तेव्हाही त्यांनी खिडकी उघड, पाणी, पुस्तक वाच, एवढंच सांगितलं.

मी जबाबात नोव्हेंबर लिहिलं. त्याखाली आईनं सही केली, पूर्ण नावानं.

मग मी माळ्यावरून आधीची वही काढली. नोव्हेंबर ते मे यांत आणखी आठ कामं होती. या पानांवर अक्षर एकदम ठणठणीत होतं, त्यावरून मला काहीच कळलं नसतं. आईनं चष्मा लावला आणि कोरा कागद पुढे ओढला. तू वाच, कळवायचे पत्ते मी लिहिते, म्हणाली.

पहिलीच नोंद शाळेची होती. मी पत्ता सांगितला आणि तिनं लिहून घेतला.